सेफ्टी कमिटीत कामगार बोलतच नाहीत, काय करावं?

प्रश्न : शीटमेटल_भोसरी
आमच्याकडे पत्रा कापायचे-दाबायचे पॉवर प्रेस जास्त. एचआर आणि सेफ्टी दोन्ही माझ्याकडेच आहे. कमिटीची मीटिंग होते, चहा होतो आणि 'सगळं ठीक आहे साहेब' म्हणून मंडळी उठतात. तीच माणसं मशीनवर गेली की दोन हातांच्या बटणांपैकी (हात प्रेसखाली जाऊ नये म्हणून दोन्ही एकदम दाबायची असतात) एकाला चिकटपट्टी लावतात, एक हात मोकळा राहावा म्हणून. कुणाचं बोट जायच्या आधी मला कळायला हवं. यांना बोलतं कसं करू?

उत्तर : निवृत्त_सेफ्टीवाला
आधी कमिटीत कोण आहेत ते बघा. सुपरवायझरने निवडलेली माणसं सुपरवायझरसमोर काय बोलणार? भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात कलम ४१-जी आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कमिटीवर कामगार आणि व्यवस्थापन समसमान, असं ते सांगायचं. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेतही कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी चालत नाहीत. प्रेसवाल्यांना त्यांचा माणूस त्यांनाच निवडू द्या.

आणि 'पट्टी का लावली?' असं विचारू नका, माणसाला ती चौकशी वाटते. मशीनपाशी उभं राहून विचारा, 'दोन्ही बटणं दाबून हा जॉब टार्गेटमध्ये बसतो का?' आमच्याकडे असं विचारल्यावर एक प्रेसमन म्हणाला, पीस डायमध्ये, म्हणजे साच्यात, चिकटतो, दर वेळी ओढून काढावा लागतो. डाय उघडून पाहिली तर पीस बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग मेलेली. दुखणं डाय दुरुस्त करणाऱ्या टूलरूममध्ये होतं आणि मेमो मिळत होते ऑपरेटरला. स्प्रिंग बदलली, पट्ट्या गेल्या.

उत्तर : कंत्राटी_हेल्पर
सर, प्रेसवर निम्मे आम्ही ठेकेदाराचे, पण मीटिंगला आम्हाला कोणी बोलवत नाही. बोललो तर उद्या गेटवरूनच परत पाठवतील ही भीती असते. रात्रपाळीला तर विचारायला कोणी फिरकतही नाही. गेल्या वर्षी तेलगळतीचं सांगितलं होतं, पुढे काय झालं ते आजवर कळलं नाही. सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं ते बोर्डावर लिहा. होणार नसेल तर का नाही, तेही लिहा.

प्रश्नकर्ता
स्प्रिंगचं उद्याच टूलरूमला विचारतो, रात्रपाळीलाही थांबतो. ठेकेदाराकडचा एक माणूस कमिटीत घ्यायचं नक्की. पण मालक म्हणतात, मी मीटिंगला बसणारच. त्यांना काय सांगू?

निवृत्त_सेफ्टीवाला
शेवटच्या दहा मिनिटांना बोलवा. तोवर मुद्दे कागदावर आलेले असतील, कुणी सांगितलं ते नाव न लिहिता. खर्चाची मंजुरी तिथेच सही करून घ्या.