मदत हवी आहे : घरच्या शाळेत गणिताचं पुस्तक मध्येच बदलावं का?

नमस्कार मंडळी. मुलगी साडेसात वर्षांची, मुलगा पाच. दोघं घरीच शिकतात. गणितासाठी एक परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला होता. चित्रं झकास, पण सगळं स्क्रीनवर आणि हिशेब डॉलर-सेंटमध्ये. दोन पानं झाली की लेक पुढचं बटण दाबून मोकळी.

गाडी अडलीय हातच्याच्या वजाबाकीत. ४३ मधून १७ वजा कर म्हटलं की उत्तर ३४. लहान अंक मोठ्यातून काढायचा, मग तो वर असो की खाली! तेच दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दिले की एक गठ्ठा सुटा करून बरोबर २६ काढते. म्हणजे समज आहे, कागदावर उतरत नाही. शिवाय आजी 'सत्तावीस' म्हणाली की ही ७२ लिहिते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला आता ते तितकंसं वेडगळ वाटत नाही.

आता बालभारती घ्यावं की एनसीईआरटीचं 'जॉयफुल मॅथेमॅटिक्स'? दोन्हींच्या पीडीएफ फुकट आहेत, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. पण बदलताना दुसरीच्या पुस्तकापासून सुरू करू, की जुनंच ठेवून गणितमाळ (मोजायला मण्यांची माळ) आणि सुट्ट्या पैशांचा खेळ जोडीला देऊ? काड्यांवरून कागदावर तुम्ही मुलांना कसं आणलंत, तेही सांगा. धाकट्याला तूर्तास सापशिडी पुरतेय.

वर्कशीटच्या लिंका नकोत, ढीग पडलाय.