बिबट्याच्या फोटोत विजेचा खांब: कला की पंचनामा?

खाजणकाठ
काल इथे कुणीतरी लिहिलं, "कॅमेरा ट्रॅपचा, म्हणजे वाटेवर लावून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याचा, फोटो कला नव्हे, बटण जनावरच दाबतं. त्यात विजेचा खांब आला की उरतो पंचनामा." फार लागलं ते. छायाचित्रकार नयन खानोलकरांचा मुंबईच्या आरे कॉलनीतला बिबट्या आठवा, २०१६ साली वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेच्या शहरी विभागात पहिला आलेला. गल्लीत रोज असतो तसाच उजेड फ्लॅशने उभा केला आणि बिबट्या फ्रेमभर पसरणार नाही अशी जागा धरली. हे बिबट्याने ठरवलं का? खांब काढून टाकलात तर फोटो खोटा होतो, कारण जनावर खांबाखालूनच जातं.

गुहागरवाला
कालचं मीच लिहिलं. जॉर्ज शिरास या अमेरिकन छायाचित्रकाराने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी वाटेवर कॅमेऱ्याला जोडलेली तार बांधली, हरणाने ती ओढून स्वतःचा फोटो काढला. तो मूळचा शिकारी. ती वृत्ती अजून गेलेली नाही. आमच्या वाडीत एका पाहुण्याने फोटोसाठी कोंबडी बांधली. वाघ (आम्ही बिबट्यालाच वाघ म्हणतो) तीन रात्री आला. पाहुणा फोटो घेऊन गेला, वाघाला मात्र वाट कळली. चौथ्या रात्री गोठ्यातली पाडी गेली.

वाळूतलं_घरटं
खांबाचं कौतुक पुरे, किनाऱ्यावरच्या हायमास्टवर, त्या उंच खांबावरच्या झगझगीत दिव्यांवर बोला! कासवाची पिल्लं उजेडाकडे धावतात. गेल्या साली आमच्या नजरेतून एक घरटं सुटलं. सकाळी पिल्लं रस्त्याकडेला सुकलेली मिळाली. मी ओंजळीत उचलली ती.

होडीवालो
काळोखात होडी वर ओढून बघा, मगे बोला. माझ्या बापाशीचो पाय त्याच काळोखात मोडलो. त्या लाइटीसाठी आमी चार वर्सा हेलपाटे घातले.

वाळूतलं_घरटं
लाइट काढा म्हटलंच नाही! तोंड खाली करा, विणीच्या दिवसांत होड्या आल्या की बंद करा. इतकंही ऐकायचं नसेल तर बोलणंच खुंटलं.

होडीवालो
तोंड खाली करूक माझी ना नाय. बंद करूक देवचंय नाय.

खाजणकाठ
गुहागरवाले, तुमच्या पाडीचं वाचून वाईट वाटलं. मी आमिष कधीच लावत नाही. खाडीकाठच्या खाजणातल्या कोल्ह्यासाठी सतरा रात्री रिकाम्या गेल्या, अठराव्या रात्री तो पुलाच्या दिव्याखाली थांबला. तो पिवळा उजेड त्याच्या पाठीवर नसता तर मी फोटो ठेवलाच नसता.

गुहागरवाला
सतरा रात्री बसलात, तर त्याला कला म्हणतो, नाइलाजाने. पण प्रदर्शनात फोटोखाली आमिष होतं की नव्हतं ते लिहा. कोंबडी फ्रेमबाहेर ठेवून खांब तेवढा दाखवणारे मला चालायचे नाहीत.

खाजणकाठ
लिहीन. पुढच्या फोटोपासूनच नाही, जुन्या सगळ्यांखालीही.