हाताने घडवलेल्या बोवी सुऱ्यांची छायाचित्रे : पाते काळे का पडते?

डॅलसकर

नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि गेली सहा वर्षे हाताने घडवलेले बोवी सुरे, म्हणजे जिम बोवीच्या नावाने ओळखले जाणारे लांब पात्याचे अमेरिकन सुरे, जमवतो आहे. सॅन अँटोनिओच्या अलामो या जुन्या गढीतल्या लढाईत जिम बोवी ६ मार्च १८३६ रोजी जिथे पडला ती जागा पाहून आल्यावर हा नाद लागला आणि आज माझ्याकडे अकरा सुरे आहेत, त्यांतले बहुतेक टेक्सास आणि अर्कान्सामधल्या लोहारांकडून थेट घेतलेले आहेत. कोल्हापुरात असलेल्या वडिलांना ते नीट दाखवावेत, अशी माझी फार इच्छा आहे. मात्र छायाचित्रात पाते एक तर काळे ठिक्कर पडते किंवा पांढरे फटक होते, आणि वर छताचा पंखाही त्यात दिसतो. यांतल्या सर्वांत चांगल्या सुऱ्याचे पाते दहा इंचांचे, डब्ल्यू-२ पोलादाचे आहे; पाणी देण्यापूर्वी पाठीला माती लावल्यामुळे धारेलगत जी धुरकट लाट उमटली आहे, ती तर अजिबात येत नाही. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, घेतल्याने हे सुधारेल काय?

ऐरणकाठ

पोलरायझर घेऊ नका. काच, पाणी किंवा लाखेचा हात दिलेले लाकूड यांवरची चकाकी त्याने कमी होते, पण उघड्या धातूवरून परतणाऱ्या प्रकाशावर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. अडचण कॅमेऱ्याची नसून पात्यासमोर काय आहे याची आहे. घासून आरशासारखे केलेले पोलाद समोरची वस्तूच दाखवते, त्यामुळे समोर अंधारी खोली असली की पाते काळे पडते आणि उघडा दिवा असला की पांढरे होते.

सुऱ्याच्या किमान दीडपट लांबीची लाकडी चौकट करून तिच्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवा, ती खिडकी आणि सुरा यांच्यामध्ये तिरकी उभी करा आणि कॅमेरा तिच्या विरुद्ध बाजूला, साधारण तितक्याच कोनात ठेवा, म्हणजे पात्यात पंख्याऐवजी केवळ तो उजळ कागद दिसेल. मग पाठीखाली मेणाची लहानशी गोळी ठेवून सुरा एक-दोन अंश कलवत राहा. पात्याचा सपाट भाग आणि धारेकडे उतरत जाणारा भाग वेगवेगळ्या कोनांत असल्यामुळे एक उजळतो आणि दुसरा किंचित मंदावतो, आणि लोहाराने घासून काढलेली त्यांच्यामधली रेघ स्वच्छ दिसू लागते. बोवीचे सारे सौंदर्य या रेघेत आणि टोकाजवळ पाठीला दिलेल्या त्या अंतर्वक्र कापात आहे, असे माझे मत आहे. दुसऱ्या बाजूला काळा पुठ्ठा उभा केला की कडा पार्श्वभूमीत विरत नाहीत.

मातीच्या लाटेसाठी मात्र पूर्ण उजेड चालत नाही. कागदाची कड जिथे संपते आणि प्रकाश विरळ होत जातो, त्या सीमेचे प्रतिबिंब पात्यावर आणा. कठीण झालेला आणि मऊ राहिलेला भाग प्रकाश वेगळ्या रीतीने विखुरतात, म्हणून ती लाट तिथेच उठून येते. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका, कारण त्याच्या रुंद लेन्सने कॅमेऱ्याकडचे टोक अवास्तव मोठे होते आणि लोहाराने साधलेले प्रमाण बिघडते. शंभर मिलिमीटरची लेन्स, तिपाई आणि एफ-११ एवढे लेन्सचे छिद्र पुरे आहे. शेवटी बारीक ओरखडे संगणकावर पुसून टाकले तरी चालतात.

जुनी म्यान

प्रकाशाविषयीचा प्रत्येक शब्द मान्य आहे, पण शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. संग्राहकाचे छायाचित्र ही त्या वस्तूची नोंद असते आणि तिच्यातून ओरखडा पुसणे म्हणजे नोंद खोटी करणे होय. प्रत्येक सुऱ्याच्या दोन्ही बाजू, पाठ, गार्डचा (पाते आणि मूठ यांच्यामधल्या आडपट्टीचा) सांधा, म्यान आणि मुठीजवळचा लोहाराचा शिक्का यांची वेगवेगळी छायाचित्रे घ्या, एकात मोजपट्टी ठेवा.

शिक्क्याचे महत्त्व नव्या संग्राहकांना उशिरा कळते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत उमेदवाराच्या एकाच सुऱ्याने लोंबता दोर एका घावात कापावा लागतो, लाकडी फळ्या तोडाव्या लागतात, त्यानंतरही त्याच धारेने केस भादरावे लागतात आणि मग पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून नव्वद अंश वाकवले जाते. पहिल्या पायरीला ‘जेएस’ (जर्नीमन स्मिथ) आणि वरच्या पायरीला ‘एमएस’ (मास्टर स्मिथ) ही अक्षरे मिळतात. म्हणून आज ‘एमएस’ असलेल्या लोहाराच्या सुऱ्यावर ‘जेएस’ दिसले, तर तो सुरा सहसा त्याच्या दोन परीक्षांच्या मधल्या काळातला असतो. छायाचित्रात ती दोन अक्षरे अस्पष्ट आली, तर हा पुरावाच हरवतो.

आणखी एक सांगतो. सुरे म्यानात ठेवून देऊ नका. कमावलेल्या चामड्यातली आम्ले आणि ओल पोलादाला खातात, पितळी गार्डवर हिरवा थर चढतो. छायाचित्रापूर्वी पाते स्पिरिटने पुसा, नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विकले गेलेले पुष्कळ बोवी सुरे इंग्लंडमधल्या शेफील्डहून येत असत. तसा एखादा पुढे हाती लागला, तर त्याच्या काळवंडलेल्या पात्याला पॉलिश मात्र कधीही लावू नका.

डॅलसकर

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी चौकट करून पाहिली आणि ती लाट प्रथमच दिसली. ओरखडे तसेच ठेवले आहेत. एक शंका उरते. त्याच सुऱ्याची मूठ सांबरशिंगाची आहे. तो एकदा वडिलांच्या हातात द्यावा, असे फार वाटते. भारतात नेता येईल काय?

जुनी म्यान

मी नेणार नाही. भारतात ९ इंचांहून लांब पात्याचा, घरगुती किंवा शेतीच्या कामाचा नसलेला सुरा शस्त्रांच्या नियमांखाली येतो आणि तुमचे पाते दहा इंचांचे आहे. शिवाय सांबर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. ही शिंगे एके काळी भारतातूनच अमेरिकेतल्या लोहारांकडे जात, आता ती निर्यात बंद आहे, म्हणून तशी मूठ तिकडे इतकी महाग झाली. वडिलांसाठी मुठीचे एक छायाचित्र जवळून, बाजूने येणाऱ्या कडक उजेडात घ्या. शिंगाच्या खाचा मऊ प्रकाशात सपाट दिसतात, तिथे ट्रेसिंग पेपर काढून ठेवा.