महायुद्धातल्या रायफलींचा संग्रह करायचाय, नाशिकमध्ये सुरुवात कुठून करू?

भगूरचा_नातू

नमस्कार मंडळी. मी भगूरचा, नोकरी सातपूरला. दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले. ट्रंकेत म्यानासकट एक संगीन, पितळेची बोटभर कुपी आणि दोरीला बांधलेलं एक पितळी वजन निघालं.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. ली-एनफिल्ड, जर्मन माउझर, रशियन मोसिन-नागांत, अमेरिकन गॅरंड अशा पाच-सहा रायफली जमवाव्यात असं वाटतं. अमेरिकेतली मंडळी ग्रीसने माखलेल्या रायफली पेटीतून काढून पुसतात, ते व्हिडिओ मी रात्र रात्र बघतो. आपल्याकडे हे कसं करतात? एका भंगारवाल्याने निरोप दिलाय, ‘थ्री नॉट थ्री आहे, कागद नाहीत.’ जाऊन बघू का?

आर्मरर_देवळाली

आधी भंगारवाल्याचं. जाऊ नका. नुसतं बघायलाही नको.

मी तेवीस वर्षं फलटणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारं दुरुस्त केली, आता देवळाली कॅम्पात स्थायिक आहे. .३०३, म्हणजे तुमची थ्री नॉट थ्री, ली-एनफिल्डचं काडतूस, हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. लष्कर-पोलिसांचं काडतूस साध्या परवान्यावर नागरिकाला मिळत नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार विनापरवाना सापडलं तर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते, ती चौदापर्यंत जाते. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. पाच-सहा रायफलींची भिंत इथे उभी राहत नाही. हे ऐकून वाईट वाटेल, पण आजच वाटलेलं बरं.

‘निकामी आहे, चालत नाही’ असं कुणी सांगितलं तरी भुलू नका. कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही त्यालाच. एनसीसीत आपण ज्या डी.पी. (ड्रिल पर्पज, फक्त कवायतीच्या) रायफलीने कवायत केली, तीसुद्धा नुसत्या शिक्क्यावर मोकळी होत नाही. आणि ली-एनफिल्डचा बोल्ट हातात हवाच असेल, तर बंगालमधल्या इशापूर कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल त्याच यंत्रणेवर बनलेली आहे. ती परवान्यावर मिळते. परवान्याचा अर्ज शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आता तुमच्या ट्रंकेबद्दल, कारण खरा ऐवज तिथे आहे.

ती कुपी तेलाची. ते वजन म्हणजे पुलथ्रू. दोरीच्या फासात चार बाय दोन इंचांची फ्लॅनेलची चिंदी अडकवायची, वजन ब्रीचकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, नळीत सोडायचं आणि तोंडाकडून एका दमात ओढायचं. ली-एनफिल्डच्या दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा असतो, त्यात एक झाकण. तुमच्या दोन्ही वस्तू त्या झाकणामागच्या पोकळीत राहायच्या. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत क्लोरेट असायचं. ते जळलं की मिठासारखा क्षार नळीत उरतो आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. तो नुसत्या तेलाने जात नाही, म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग चिंदी, मग तेल. आजोबांनी हे शेकडो वेळा केलं असणार. दोरी हातात घेऊन बघा, फासाजवळ ती काळी आणि कडक झालेली असेल.

संग्रह याच वस्तूंचा करा. पाच काडतुसं धरणारी चार्जर क्लिप (रायफलीत दहा बसायची, म्हणून एका भरणीला दोन क्लिपा), १९३७ पॅटर्नचे कॅनव्हासचे पट्टे आणि पाऊच, रायफलीचा स्लिंग (खांद्याला अडकवायचा पट्टा), पितळी आणि पुढे आलेल्या बॅकेलाइटच्या तेलकुप्या, शिकवणीच्या पुस्तिका, पदकं, सर्व्हिस बुकं. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मला एक स्लिंग सायकलीच्या कॅरिअरला बांधलेला सापडला होता. क्लिप घेताना ती रिकामी हवी. जिवंत काडतूस एकसुद्धा घरात आणू नका.

मोठा आनंद शिक्के वाचण्यात आहे. परवान्याची किंवा संग्रहालयातली ली-एनफिल्ड जवळून बघायला मिळाली, तर बोल्टच्या मुठीखाली उजव्या बाजूला बघा. मुकुट, खाली जी.आर. (जॉर्ज रेक्स, म्हणजे राजा जॉर्ज), मग कारखाना, वर्ष, मार्क (आवृत्तीचा क्रमांक). एनफिल्ड, बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स), ऑस्ट्रेलियातलं लिथगो, आपलं इशापूर. इशापूरच्या शिक्क्यात जी.आर.ला आय जोडलेला असतो, आय म्हणजे इम्परेटर, सम्राट. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. तेच यंत्र, तेच पोलाद, शिक्का आपला. माझ्या हाताखालून अशी पहिली रायफल गेली तेव्हा मी शिक्क्यावर अंगठा ठेवून बराच वेळ उभा होतो.

एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नये म्हणून. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या संगिनीचा गंज काढायला मी पॉलिश पेपर घेतला. तासाभरात पातं चकचकीत झालं आणि मुळाशी असलेला महिना, वर्ष, कारखाना, सगळं पुसलं गेलं. शंभर वर्षांची ओळख मी एका दुपारी घासून टाकली, त्याचं दुःख आजही आहे. गंजावर तेल टाका, एक दिवस थांबा, जाड सुती कापडाने पुसा. इतकंच. पितळ चमकवू नका. लाकडी मुठीला अळशीचं तेल दोन थेंब, तळहाताने चोळून.

निफाडची_लेक

काकांनी परवान्याचं लिहिलंय, त्यात थोडी भर. माझ्या वडिलांची बारा बोर होती, द्राक्षबागेच्या राखणीची. ते गेल्यावर आम्ही ती चार महिने कपाटात तशीच ठेवली, कारण कुणाच्या डोक्यातच आलं नाही. परवाना माणसाबरोबर संपतो. वारसाने हत्यार लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि मग स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. पावती जपा, पुढे सगळीकडे तीच मागतात.

भगूरचा_नातू

काका, भंगारवाल्याला नाही कळवलं. संगीन आत्ता समोर आहे. पट्टीने मोजली, पातं १२ इंच. मधे खाच नाही, सपाट आहे. मुळाशी मुकुट आणि जी.आर.आय. दिसतं, खाली एम.के. २, दुसऱ्या बाजूला आर.एफ.आय. आणि ४३. दोरी तुम्ही म्हणालात तशीच, फासाजवळ काळी. आईला दाखवली, तिने ती परत ठेवूच दिली नाही, हातात घेऊन बसली आहे.

आर्मरर_देवळाली

आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, १९४३. इंग्रजांची १९०७ पॅटर्नची संगीन १७ इंची होती. रायफल आखूड केली म्हणून पातं लांब ठेवलं होतं. हिंदुस्थानात ती १२ इंचांवर आणली आणि युद्धाच्या धामधुमीत घडवायला सोपी जावी म्हणून खाचही काढून टाकली. तुमच्याकडे ती युद्धकाळातली खरी हिंदी संगीन आहे. ली-एनफिल्ड नंबर एक, मार्क तीनला बसते.

दोन कामं उद्याच करा. म्यान चामड्याचं असेल तर पातं बाहेर काढून वेगळं ठेवा. चामडं कमावतानाची रसायनं पोलाद खातात, आणि आपल्या पावसाळ्यात तर फारच लवकर. आणि संगीनही कायद्याने शस्त्रच आहे. तलवारी बाळगल्याच्या केसेस आपण रोज वाचतो. आजोबांचं सर्व्हिस बुक, शिक्क्याचे फोटो आणि एक साधा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जा, वारशाची वस्तू म्हणून लेखी विचारा आणि पोच घ्या. अर्जाचा मसुदा लागला तर सांगा, मी लिहून देतो. सर्व्हिस बुक सापडलं का ट्रंकेत?

भगूरचा_नातू

तळाच्या वर्तमानपत्राखाली होतं. वाळवीने कडा खाल्ल्यात, नंबर वाचता येतोय.