मिठाचा रेणू नसतो हे नववीला कसं समजवायचं? मदत हवी आहे

नववीला अणू-रेणू शिकवतेय. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, पाण्याचा तीन अणूंचा, इथपर्यंत मुलं मस्त येतात, रंगीत मातीचे गोळे आणि काड्या वापरून मॉडेल्सपण केली, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं वजनाचं १:८ प्रमाणही त्यांनी स्वतः काढलं. गाडी अडते ती मिठापाशी. सोडियमचा एक गोळा, क्लोरीनचा एक, मध्ये काडी, झाला मिठाचा रेणू! चूक माझ्या मॉडेलचीच आहे बहुतेक, काडी दिसली की जोडी पक्की वाटते त्यांना. मग फळ्यावर जाळी काढली, प्रत्येक सोडियम आयनाभोवती ६ क्लोराइड (क्लोरीनचे आयन) आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम, तर एक मुलगी म्हणाली, "मग सूत्रात (NaCl) एकेकच का लिहितो?" प्रश्न अगदी बरोबर आहे तिचा, आणि मला तिला नीट उत्तर द्यायचंय.

इलेक्ट्रॉन संरूपण (अणूत इलेक्ट्रॉन कसे मांडलेले असतात ते) अजून शिकवलेलं नाही, प्रोजेक्टर नाही, हातात ३५ मिनिटांचे दोनच तास आहेत. (हिंदी व्हिडिओ सुचवू नका प्लीज, तिकडे रेणूलाच अणु म्हणतात, गोंधळ अजून वाढतो.) आयन म्हणजे प्रभारित कण, एवढंच गृहीत धरून, सूत्र म्हणजे फक्त प्रमाण हे मुलांना हाताने करून बघता येईल अशी एखादी कृती कुणी वर्गात घेतलीये का?