काजव्यांच्या मोसमात भंडारदऱ्याला खाजगी गाड्या बंद कराव्यात का?

रानजाई

मे संपता संपता वळवाचे एकदोन शिडकावे झाले की भंडारदऱ्याभोवती, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, रतनवाडी या पट्ट्यात झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस नीट धरेपर्यंत हा खेळ. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेल्या. म्हणजे कागदोपत्री आपण तिथे पाहुणे. प्रत्यक्षात शनिवारी रात्री शेंडी गावापासून पुढे गाडीला गाडी लागलेली असते.

माझं म्हणणं एवढंच: त्या तीनेक आठवड्यांत सूर्यास्तानंतर शेंडीच्या पुढे खाजगी गाडी सोडू नये. माणसं जाऊ देत, हवी तितकी. गावातल्या जीपने जाऊ देत, ठरावीक ठिकाणी उतरून अंधारात चालू देत.

गाड्यांवरच राग का? परवाच्या शनिवारी रस्त्याकडेचं एक मोठं जांभळाचं झाड बघत उभे होतो. झाड खालपासून शेंड्यापर्यंत एका तालात उजळत होतं, विझत होतं. तेवढ्यात वळणावरून एक गाडी आली, हेडलाइट पूर्ण झोतात. ताल मोडला. गाडी थांबली, बरोबर झाडासमोर. आतल्या गृहस्थांनी उतरून रिमोटने कुलूप लावलं, चारही इंडिकेटर चमकले. आपण लावलं ना नक्की, म्हणून पुन्हा दाबलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून झाडाच्या दिशेने धरला आणि बायकोला म्हणाले, "कुठेत गं काजवे? उगाच हाईप आहे."

गृहस्थ वाईट नव्हते. मुलांना घेऊन मुंबईहून इतका लांब आले होते. पण अशा शेकडो भल्या माणसांचा मिळून जो उजेड होतो, तो त्या किड्याच्या मुळावर येतो. नियम आहेत, फलकही आहेत, वनखात्याची माणसं शिट्ट्या मारून दमतात. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून फलक पुरे, आता फाटक लावा.

पंत_डोंबिवलीकर

वाटच बघत होतो, दरवर्षी या सुमाराला "सामान्य माणसाला हाकला" असा एक धागा येतोच.

माझ्या आईचं वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. तिने लहानपणी कोकणात काजवे पाहिले होते, पुन्हा बघायचे म्हणून मागल्या वर्षी घेऊन गेलो. स्वतःची गाडी होती म्हणून शक्य झालं. तुमच्या त्या जीपच्या मागच्या फळीवर आठ जणांत चेपून बसवू का तिला? आणि मग अंधारात, चिखलात चालत?

डोंगर चढणाऱ्या तरण्याताठ्या लोकांनी निसर्ग आपल्या नावावर करून घेतला आहे. नियम तुम्हीच करणार, अपवाद तुमच्याच सोयीचे. चार लोक हेडलाइट बंद करत नाहीत म्हणून सगळ्यांच्या गाड्या बंद, ही साप म्हणून भुई धोपटण्याची तऱ्हा झाली.

मृण्मयी

दोघांच्या भांडणात किडा राहून जाऊ नये म्हणून लिहिते, कीटकशास्त्र शिकले आहे.

ते लुकलुकणं आपल्यासाठी नसतं, तो नर-मादीचा संवाद असतो. नर चमकून हाक देतो, मादी बरेचदा खाली गवतात किंवा पानावर बसून उत्तर देते. आजूबाजूला उजेड असेल तर हाक दिसत नाही, उत्तरही दिसत नाही. प्रौढ काजव्याच्या हातात दिवस थोडे, दोनतीन आठवडे. त्याआधी महिनेच्या महिने तो अळी म्हणून ओलसर मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात जगलेला असतो. एवढ्या तपश्चर्येनंतरच्या दोनतीन आठवड्यांत जोडी जमली नाही तर त्याचा वंश तिथेच थांबला. पुढच्या पिढीसाठी वगैरे आपण बोलतो ना, काजव्याची पुढची पिढी अक्षरशः त्या एकदोन शनिवारांवर उभी आहे.

पंत, तुमच्या आईला नेलंत ते छानच केलंत. पण वाईट हेतू नसलेल्या माणसाचा हेडलाइटसुद्धा तितकाच प्रखर असतो.

रानजाई, तुमच्या योजनेतही एक भोक आहे. "माणसं हवी तितकी" हे चालणार नाही. गवतात शिरून फोटो काढणारे पाय मादीला आणि अळ्यांना तुडवतात. गाडी डांबरावर तरी राहते. पाय कुठेही जातात.

कडक_काळे

मग सोपं आहे. सगळंच बंद करा. गाडी नाही, जीप नाही, माणूस नाही. तीन आठवडे अभयारण्याला कुलूप. काजवे बघितले नाहीत म्हणून आजवर कुणी मेलेलं ऐकलं नाही.

घाटघरकर

कुणी मेलं नाही, बरोबर. पण काळेसाहेब, तुम्ही कुलूप कुणाच्या दाराला लावताय? अभयारण्य म्हणजे मोकळं रान नाही, आमची गावं आहेत त्यात. अभयारण्य १९८६ चं, आम्ही त्याच्या कितीतरी आधीचे.

आमच्याकडं भात निघाला की काम संपलं. निम्मी तरणी पोरं नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात. बाळहिरडा गोळा करून थोडं हातात येतं, त्याचा भाव कधी वर कधी खाली. अशात मे-जूनला पाहुणे येतात. आई भाकरी थापते, बहीण पिठलं-ठेचा करते, भाऊ पाहुण्यांना झाडं दाखवतो. त्या पैशातनं खरीपाचं बी-खत येतं. तुमच्यासाठी ते तीन शनिवार असतील, आमचं वर्षाचं गणित आहे.

आणि खरं सांगू का, गाड्यांचा त्रास आम्हालाच जास्त. मागं रात्री एका बाईला राजूरच्या दवाखान्यात न्यायची होती तर रस्ता मोकळा करायला पोरं काठ्या घेऊन पुढं पळाली. गाड्यातनं उतरलेली लोकं बाटल्या बांधावर फोडून जातात, तिथंच नंतर आम्ही अनवाणी लावणी करतो. गाडी आणणारे मुक्काम बी करत नाहीत. घरचा डबा खातात, झाडाखाली नाचतात, पहाटे परत. म्हणून रानजाईताईंचं मला पटतं, पण कारण वेगळं.

खवचट_काका

फाटक लावा म्हणे. फाटकावर माणूस बसणार, माणसाला फोन येणार, "साहेबांचे पाहुणे आहेत, सोडा." मग आत दिवेवाल्या गाड्या आणि बाहेर आपण, असा काजवा महोत्सव. निदान आज सगळे सारखे अडकतात, ही लोकशाही आहे.

अटलांटाकर

आमच्या इथून काही तासांवर टेनेसीत ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क आहे. तिथे एल्कमाँट नावाच्या जागी असेच एका तालात चमकणारे काजवे असतात, मोसमही मे-जूनचाच. तिथे गर्दी हाताबाहेर गेली तेव्हा त्यांनी लॉटरी सुरू केली. ऑनलाइन नाव द्यायचं, नंबर लागला तर एका रात्रीसाठी एका गाडीचा पास. टॉर्चला लाल कागद लावायचा, तोंड जमिनीकडे ठेवायचं, पायवाट सोडायची नाही, काजवे पकडायचे नाहीत. आमचा पहिल्या खेपेला नंबर लागला नाही, मुलं रडली. पुढे लागला. पार्किंगमध्ये इतकी माणसं असून कुजबुजीपलीकडे आवाज नव्हता.

श्रीमंत-गरीब, ओळखीचा-अनोळखी, चिठ्ठी सगळ्यांना सारखी. पंतांच्या आईंनाही गाडीतून जाता येईल.

खवचट_काका

@अटलांटाकर, चिठ्ठी सगळ्यांना सारखी हे वाक्य घरात फ्रेम करून लावतो. आमच्याकडे तत्काळ तिकिटं सकाळी दोन मिनिटांत कुठे जातात ते ठाऊक आहे ना? शंभराचे पास हजाराला विकणारे एजंट घोटीच्या हायवेवरच उभे राहतील.

अटलांटाकर

कासला ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला ठरावीक पर्यटक हे झालंच की. म्हणजे आपल्याकडे होऊच शकत नाही असं नाही.

साताऱ्याची_सून

कासचं नाव निघालं म्हणून आले. कासचा धडा एवढा सरळ नाही हो.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात कास. त्याच सुमारास गर्दी इतकी वाढली की पठाराभोवती लोखंडी जाळी आली. माणसं थोपवायला ठीक होतं. पण जाळीने गुरंही थोपली. गुरांनी चरायचं ते गवत माजायला लागलं आणि तेरडा, गेंद, सीतेची आसवं ही वीतभर उंचीची फुलं गवतात गुदमरायला लागली, असं गावकरी म्हणू लागले, काही वनस्पती अभ्यासकही म्हणू लागले. पुढे जाळी काढायचा निर्णय झाला.

त्यामुळे बंदी हा शब्द ऐकला की मी विचारते, नेमकं काय बंद करताय आणि त्याबरोबर न विचारता आणखी काय बंद होणार आहे? काळ्यांच्या कुलपाचं भय मला त्यासाठी वाटतं. आसपासच्या गावांच्या समितीने फी गोळा करणं, पोरांना मार्गदर्शक म्हणून उभं करणं, हे मात्र कासला चाललं. माझ्या नणंदेचा मुलगा दोन हंगाम तिथे होता, फुलांची शास्त्रीय नावं धडाधड सांगायचा. आता पुण्यात कॉल सेंटरला आहे, ते सोडा.

कडक_काळे

गुरं आणि गाड्या यांत फरक आहे. गुरांना कुणी हेडलाइट लावलेले नाहीत.

आणि घाटघरकर, राग मानू नका, पण राब भाजताना तुम्हीही तो पालापाचोळा जाळताच की. अळ्या त्यातच असतात ना, मृण्मयी म्हणतात तसं? सगळं खापर शहरवाल्यांवर का?

घाटघरकर

राग नाही. राब भाजतो तो भाताच्या रोपापुरत्या तुकड्यावर. शेणी, टहाळ, गवत रचून, पावसाच्या आधी. सगळ्या डोंगराला काडी लावत नाही कुणी. आणि राब आमच्या आज्यापणज्यापासून चाललाय, काजवे तेव्हाही होते. नवीन काय आलं ते बघा ना. धरणाकडेला प्लॉटिंग आलं, रात्रभर जळणारे पांढरे दिवे आले, हॉटेलावर झगमगाट आला. त्यावर तुमचा धागा का निघत नाही?

मृण्मयी

हा मुद्दा लाखमोलाचा आहे. गाडी दोन मिनिटांत जाते, हॉटेलचा फ्लडलाइट अख्खा मोसम जळतो. काळे, रस्ता बंद करून दिवे चालू ठेवले तर फक्त आपल्याला बरं वाटेल. राबाचा परिणाम अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही.

चिमणपाखरे

मी शिक्षिका. ठाण्यातली मुलं घेऊन एका संस्थेबरोबर पुरुषवाडीला गेले होते. गावात घरोघरी मुक्काम, पाहुणे मोजके, रात्री गावातल्याच माणसाबरोबर चालत. सहावीतला एक मुलगा, घरी अंधार म्हणजे लाइट जाणं एवढंच माहीत असलेला. पहिली दहा मिनिटं माझा हात घट्ट धरून होता. मग हळूच म्हणाला, "टीचर, हे बंद करायचं बटण नाही ना?" नाही म्हटल्यावर हात सोडला.

काळेकाकांचं कुलूप मला म्हणून नको आहे. हा मुलगा उद्या मतदार होणार, कदाचित त्या खात्यात साहेब होणार. ज्याने कधी पाहिलंच नाही तो धरणाकडेच्या प्लॉटिंगच्या फाइलवर सही करताना कशाला थबकेल?

कडक_काळे

बघितलेले पण करतातच सह्या. प्लॉटिंगमध्ये बंगला घेणारे कोण असतात? "आम्हाला निसर्गाची ओढ आहे" म्हणणारेच. न बघणाऱ्याने आजवर एकही फार्महाऊस बांधलेलं नाही.

खवचट_काका

काळ्यांना या एका वाक्यासाठी +१. बाकी सगळ्यासाठी -१.

पंत_डोंबिवलीकर

मुद्द्यावर येऊ. गाड्या बंद म्हणणाऱ्यांनी माथेरान बघावं. दस्तुरीच्या पुढे गाडी नाही, म्हणून काय तिथली गर्दी हटली? उलट हातरिक्षा माणसांना ओढाव्या लागल्या वर्षानुवर्षं. त्यांच्या जागी ई-रिक्षा याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तुमच्या शुद्ध पर्यावरणाची किंमत कुणाच्या तरी खांद्यावर पडते, आणि तो खांदा गरिबाचा असतो.

रानजाई

गर्दी हटली नाही, हे खरं. पण माथेरानला रात्री झाडावर हेडलाइट पडत नाही, हेही खरं. माझा प्रश्न तेवढाच होता. हातरिक्षांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर, आणि म्हणूनच इथे जीप म्हणतेय, डोली नाही. जीपची पुढची सीट वयस्कर माणसांना राखून ठेवायची, जीप झाडापासून दूर थांबवून दिवे विझवायचे. आईंना उतरायचीसुद्धा गरज नाही.

मृण्मयीचं पाय तुडवण्याचं आणि घाटघरकरांचं फ्लडलाइटचं, दोन्ही माझ्या मागणीत जोडते. जीपच्या फेऱ्या मोजक्या ठेवल्या की माणसंही आपोआप मोजकी होतात. त्या फेऱ्या किती, भाडं किती, हे मुंबईत बसून आपण ठरवायचं नाही. अकोले तालुक्याचा हा भाग पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो, ग्रामसभेला वजन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कही मागता येतात. गडचिरोलीत मेंढा-लेखाने बांबूवरचा हक्क मिळवलाच ना.

घाटघरकर

ताई, मेंढा-लेखा एक गाव आहे, एकमुखी. इथं धरणाला वळसा घालून दहाबारा गावं. जीप कुणाच्या, यावरच पहिली मारामारी. शेंडीत ज्याच्याकडं चार गाड्या आहेत तो म्हणणार माझ्या लावा. सामरदचा म्हणणार, आमच्याकडं सांदण दरीला दिवसा माणसं येतात, रात्रीचं आम्हाला काय? आणि सगळ्या गाड्या शेंडीत थांबल्या तर जेवणारे बी शेंडीतच जेवणार. आमच्या आईची भाकरी कोण खाणार? घोडं इथं पेंड खातं.

माझं म्हणणं, ज्याचा मुक्काम गावात ठरलेला आहे त्याचीच गाडी पुढं सोडा, ती बी दिवसा उजेडी. अंधार पडायच्या आत गाडी घरापुढं लागली पाहिजे आणि सकाळपर्यंत हलता कामा नये. मुक्काम नसलेल्यानं जीपनं यावं. असं असेल तर मी स्वतः ग्रामसभेत मांडतो.

मृण्मयी

हे माझ्या डोक्यातल्या सगळ्या योजनांपेक्षा चांगलं आहे. फक्त घरापुढचा बल्बही त्या वेळी बंद.

घाटघरकर

बल्ब बंद करू. लाईट तशी बी जातेच.

कडक_काळे

मला पटलेलं नाही, नोंद असावी.

पंत_डोंबिवलीकर

मुक्काम असेल तर गाडी घरापर्यंत, हे चालेल. पण घाटघरकर, तुमच्याकडे कमोड आहे का? हसू नका कुणी. आईला खाली बसता येत नाही, तिथेच सगळं अडतं.

घाटघरकर

आमच्याकडं नाही, चुलत्याकडं आहे. दोन खोल्या आहेत त्याच्या, पण मोसमात शनिवार आधीच भरतात. मधल्या वारी या. गर्दी बी नसती.