‘प्रत्येक सेवेचं शुल्क लावा’ म्हणणाऱ्यांनी आधी खर्च दाखवावा

हिशेबनीस_मानेवाडा:
काल रामदासपेठकरांनी लिहिलं, "नागपूरकरांना सगळं फुकट पाहिजे. कचरा, पार्किंग, दाखले, सभागृह, सगळ्याला शुल्क लावा. जो भरणार नाही त्याची सेवा तोडा. घरटॅक्सवर शहर चालत नाही." हे वाचून इतका चिडलो की रात्री झोप आली नाही. आयुष्य लेखा विभागात गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

कर वेगळा, शुल्क वेगळं. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक करून दिला. कर भरला म्हणून मला काय मिळालं, असं विचारता येत नाही. शुल्काच्या बाबतीत तो प्रश्न विचारायचा हक्क आहे, कारण पैसे ठरावीक सेवेचे घेतलेत. पुढे १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्सच्या निकालात न्यायालयाने दोरी जरा सैल सोडली. रुपयाला रुपया जुळायची गरज नाही, पण वसुली आणि सेवा यांचा ढोबळ संबंध दिसला पाहिजे. म्हणजे सभागृहाच्या भाड्यातून दुसऱ्याच खात्याची तूट भरायला निघालात तर उद्या कोणीही कोर्टात जाईल, आणि तिथे तुमच्याकडे दाखवायला कागद नसेल.

तो कागद म्हणजे खर्चाचा तक्ता. कचरागाडीच्या एका फेरीला ड्रायव्हर-मजुरांचा पगार किती, डिझेल किती, गाडीची झीज किती, कार्यालयाच्या खर्चातला वाटा किती. दाखला द्यायला काउंटरवर किती मिनिटं जातात. एवढं मांडलं की मग ठरवायचं, यातलं नागरिकाकडून किती घ्यायचं आणि तिजोरीतून किती घालायचं. जलतरण तलाव, लग्नाचा हॉल यांचा जवळजवळ पूर्ण खर्च वापरणाऱ्याने द्यावा, माझी ना नाही. इमारतीच्या फायर एनओसीची तपासणी बिल्डरच्या खर्चाने व्हावी. पण घर पेटल्यावर आलेल्या बंबाचं बिल फाडायचं का? आणि कचरा? माझ्या शेजाऱ्याची कचरागाडी तोडलीत तर त्याचा कचरा नाल्यात जाणार आणि डास माझ्या घरात येणार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा, नाला मोकळा असण्याची किंमत काय असते. ज्या सेवेचा फायदा न भरणाऱ्यालाही होतो आणि नसल्याचा तोटा भरणाऱ्यालाही, तिचा मोठा वाटा करातूनच आला पाहिजे.

रामदासपेठकर:
काका, निकाल पाठ आहेत तुम्हाला, पण सोयीचेच सांगितले. २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं, कचरा करणाऱ्याने उपविधीत ठरेल ते शुल्क द्यायचं. हे का लपवलं? २०१३ मध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. शहराच्या हातात स्वतःचं उरलं काय? राज्याच्या अनुदानाकडे तोंड करून बसायचं? माझ्या गल्लीत अर्धे लोक घरटॅक्स थकवतात आणि रस्त्याबद्दल सगळ्यात जास्त तेच ओरडतात.

हिशेबनीस_मानेवाडा:
लपवलं नाही. "उपविधीत ठरेल ते" हेच शब्द परत वाचा. उपविधी म्हणजे महापालिकेचा स्वतःचा नियम. त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हरकती घ्यायच्या, मग ठरवायचं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकाच्याच सहीने कारभार चालला. अशा काळात लागलेल्या दरावर प्रश्न कोण विचारणार होतं? जकातीबद्दल बरोबर बोललात. ते दुखणं खरं आहे.

प्रतापनगर_३०२:
वापरानुसार शुल्क म्हणता ना, मग आमच्या पाण्याच्या बिलाचं बोला. आठ फ्लॅट, खाली एकच मीटर. दर टप्प्याटप्प्याने वाढतो. समजा पहिला स्वस्त टप्पा २० युनिटचा आहे आणि एकेक घर १५ युनिट वापरतं. वेगळं मोजलं तर आठही घरं स्वस्त टप्प्यात बसतात. पण मीटर एक म्हणून बिलावर १२० युनिट दिसतात आणि बहुतेक पाणी वरच्या दराने लागतं. शेजारच्या बंगल्यात लॉन आहे, गाडी रोज पाइपने धुतात, तरी त्यांचा दर आमच्यापेक्षा कमी. मी आणि माझी बायको, दोघंच राहतो. तीन वेळा अर्ज दिला. "सोसायटीचा प्रश्न आहे" एवढंच उत्तर.

रामदासपेठकर:
मग प्रत्येकाने आपापलं मीटर लावून घ्या. कोणी अडवलंय?

प्रतापनगर_३०२:
काय बोलून राहिले भाऊ! जुन्या बिल्डिंगची गच्ची पाहिली का कधी? वर एक टाकी, तिथून स्वयंपाकघराचा पाइप वेगळा, दोन्ही बाथरूमचे वेगळे. एका फ्लॅटला तीन मीटर लागतील, किंवा सगळी भिंत फोडा. हा खर्च कोण देणार, तुम्ही?

बजाजनगरची_सचिव:
आमच्या सोसायटीत याच बिलावरून दोन घरं बोलत नाहीत. तळमजल्यावर क्लास चालतो, साठ पोरं येतात, आणि बिल मात्र सगळ्यांना समान वाटून. मी सचिव, म्हणून शिव्या मला. एकदा तर दारात येऊन आरडाओरडा केला. मीटर बसवायला सगळ्यांची सही लागते आणि ज्याचा वापर जास्त तोच सही देत नाही.

हुडकेश्वर_टँकर:
तुमचं भांडण वाचून राग येऊन राहिला. तुम्हाला नळ तरी आहे. आम्ही उन्हाळ्यात टँकरच्या मागे बादल्या घेऊन पळालो. प्लॉट घेतला तेव्हा विकास शुल्काची डिमांड निघाली, पूर्ण भरली, पावती लॅमिनेट करून ठेवली. पाण्याची लाइन आली त्याला नऊ वर्षं झाल्यावर, गटार अजून नाही. सेप्टिक टँक उपसायचे पैसे वेगळे. घेतलेल्या शुल्काची सेवा द्यायला मुदत नसते का?

हिशेबनीस_मानेवाडा:
असायला हवी. माझं म्हणणं तेच आहे. शुल्काचं खातं वेगळं, वर्षाच्या शेवटी जमा-खर्च जाहीर, आणि ठरल्या काळात काम झालं नाही तर पैसे व्याजासह परत.

रामदासपेठकर:
परत? मग कोणतंच खातं काही सुरूच करणार नाही. काका, तुम्ही प्रामाणिक आहात, पण शहर अशा अटींवर चालत नाही. अटी घालणारे नेहमी न भरणाऱ्यांना पळवाट देतात.

बाजारातली_लेक:
माझी आई आठवडी बाजारात भाजी विकते. बैठकी, म्हणजे बसायच्या जागेचं शुल्क, आम्ही रोख देतो, कधी चुकवली नाही. पावतीवर छापलेला आकडा एक, वसुलीवाला मागतो त्याच्या दुप्पट. मी एकदा पावतीएवढेच पैसे पुढे केले. पुढच्या आठवड्यात आईच्या जागेवर दुसऱ्याची पाटी होती. ती कोपऱ्यात, नालीच्या काठावर बसली. न भरणाऱ्यांची यादी करताना आम्हाला त्यात टाकू नका.

रामदासपेठकर:
ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं. हे चुकीचं आहे. दर ठळक अक्षरात बाजाराच्या तोंडाशी लावले पाहिजेत आणि रोख वसुली बंद झाली पाहिजे, एवढं मान्य. सामाईक मीटरला टप्पा लावताना फ्लॅटच्या संख्येने भागलं पाहिजे, तेही मान्य करतो, कारण त्यात गणितच चुकतंय. पण कचऱ्याचं शुल्क लागलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

हिशेबनीस_मानेवाडा:
लावा. तक्ता आधी लावा.

प्रतापनगर_३०२:
बजाजनगरच्या ताई, तुमच्या बिलावर फ्लॅटची संख्या छापून येते का? आमच्या बिलावर तो रकानाच नाही. दोन्ही सोसायट्यांनी मिळून अर्ज केला तर निदान तेवढं तरी मागता येईल.